साळव्यांचं कुंड

साळव्यांबरोबर कुठं जेवायला जाऊ नये. बहरीनला जुफैरमध्ये आमच्या बिल्डिंगखाली एक इराणी हॉटेल आहे, आत मधोमध छोटंसं कारंजं. लोक येतात, कबाब मागवतात, जेवतात, जातात. साळवे आत शिरले की आधी कारंज्यापाशी उकिडवे बसणार, कठड्याखाली हात घालून चाचपणार आणि वेटरला विचारणार, "भाई, ये पानी आता किधर से है? और जाता किधर है?" वेटर बिचारा नेपाळी. त्याला वाटायचं, साहेबांचं काहीतरी पडलंय. मग तोही शेजारी उकिडवा बसून शोधायला लागायचा. मी मेन्यूकार्ड तोंडापुढं धरून बसायचो. या गृहस्थांना मी ओळखत नाही, असं सगळ्या हॉटेलला कळावं म्हणून.

शांतवन साळवे मूळचे राहुरीकडचे. मराठी ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. बहरीनला आमच्या बांधकाम कंपनीत ते वॉटरप्रूफिंगचे इंजिनिअर होते. तळघरं, पाण्याच्या टाक्या, स्विमिंग पूल, जिथं म्हणून पाणी आत ठेवायचं किंवा बाहेर ठेवायचं असेल तिथं साळवे. मी प्लॅनिंगला. काम कधी संपणार हे सांगणं माझं काम, आणि ते संपलेलं नाही हे सांगणं साळव्यांचं. त्यामुळं आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं, आणि कंपनीनं आम्हांला एकाच बिल्डिंगमध्ये, एकाच मजल्यावर, समोरासमोर फ्लॅट दिले होते.

त्यांची पद्धत ठरलेली. टाकी काठोकाठ भरायची. पाण्याच्या रेषेवर भिंतीला पेन्सिलीनं खूण करायची. शेजारी एक पातेलं भरून ठेवायचं, त्यालाही खूण. मग वाट बघायची. उन्हानं पाणी दोन्हीकडं सारखंच आटतं. टाकीतलं पातेल्यापेक्षा जास्त उतरलं, तर टाकी गळते. एवढं सोपं. पण साळव्यांच्या लेखी जास्त म्हणजे किती? तर पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीएवढं. मी म्हणायचो, "अहो साळवे, एवढं चालतं! स्पेसिफिकेशनमध्ये बसतं!" तर चष्म्यावरून बघत म्हणणार, "पाणी खोटं बोलत नाही, पाटणकर. माणसं बोलतात. तुमचा प्रोग्रॅमसुद्धा बोलतो."

झल्लाकला समुद्रकाठच्या एका हॉटेलाचा पूल आमच्याकडं होता. उद्घाटनाची पत्रिका गेलेली, पाहुणे यायचे, आणि साळवे सही देईनात. हॉटेलचा मॅनेजर हात जोडायचा तेवढा राहिला होता. "खलास, साळवे, खलास!" साळवे शांतपणे म्हणाले, "मफी खलास." म्हणजे, संपलेलं नाही. शेवटी कोरड्या पूलमध्ये बोगनवेलीच्या कुंड्या मांडून उद्घाटन झालं. पाहुणे काठावर उभे राहून सरबत पिताना आत डोकावून बघत होते. दुसऱ्या दिवशी बोलणी कोणी खाल्ली? मी. साळव्यांना कोण बोलणार? तो पूल आजतागायत थेंबभर गळलेला नाही, हे मला मान्य करावं लागतं आणि मान्य करताना अजूनही दात-ओठ खावेसे वाटतात.

मुहर्रक बेटावर समाहीजला जुन्या मशिदीच्या अवशेषांखाली प्राचीन ख्रिस्ती लोकांची इमारत सापडली, तेव्हा साळव्यांच्या अंगात आलं. तोवर त्यांचं वेड कारंजी नि टाक्यांपुरतं होतं. आता म्हणायला लागले, "इथं आपली माणसं होती, पाटणकर! इस्लामच्या आधीपासून!" आपली म्हणजे राहुरीची असावीत, अशा थाटात. एका शनिवारी मला ओढत घेऊन गेले. कुंपणापलीकडं उघड्या पडलेल्या दगडी भिंती, बुटक्या, मातकट. तिथल्या एका तरुण संशोधक बाईंनी फार अगत्यानं सांगितलं: हे स्वयंपाकघर असावं, ही जेवायची खोली, इकडं राहण्याच्या खोल्या, गिलाव्यातले क्रूस सापडलेत. साळव्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुंड कुठंय?"

बाई म्हणाल्या, बाप्तिस्म्याचं कुंड काही सापडलेलं नाही. अजून तरी नाही.

"असं कसं? ख्रिस्ती लोक होते तर बाप्तिस्मा होणार. बाप्तिस्मा होणार तर पाणी लागणार. पाणी येणार कुठनं, जाणार कुठं?"

बाई हसल्या. "इंशाल्ला, पुढं कधी सापडेल."

साळवे रुसले. एवढा मोठा माणूस गाडीपाशी येऊन तोंड फुगवून उभा राहिला. आणि मग, भर उन्हात, माझ्या गाडीच्या बॉनेटवरच्या धुळीत बोटानं नकाशे काढायला लागले. तिथं मी पहिल्यांदा ते सगळं ऐकलं. पुढं इतक्यांदा ऐकलं की झोपेत म्हणून दाखवीन.

सुरुवातीच्या काळात म्हणे ख्रिस्ती लोकांकडं देवळंबिवळं नव्हती. सीरियात फुरात म्हणजे युफ्रेटिस नदीच्या काठी एक साधं घर सापडलंय. त्यातली एक खोली बाप्तिस्म्यासाठी राखलेली. कोपऱ्यात हौद, त्यावर कमान, आणि वर छताला निळ्या रंगात चांदण्या काढलेल्या. पुढं राजाश्रय मिळाला तेव्हा चर्चच्या शेजारी स्वतंत्र इमारत बांधायला लागले. स्वतंत्र का? तर बाप्तिस्मा न झालेल्या माणसाला पूर्ण उपासनेला बसता येत नसे, तो मध्येच उठून बाहेर जायचा. मग त्याला आत घ्यायचं दार म्हणजे हे कुंड. नकाशा रोमन लोकांच्या न्हाणीघरांवरून घेतला आणि थडग्यांवरून घेतला. "दोन्ही! का? कारण आत गेलेला मरतो आणि धुतला जाऊन नवा बाहेर येतो." कुठं गोल, कुठं क्रुसाच्या आकाराचं, पुष्कळ ठिकाणी अष्टकोनी. सृष्टीचे सात दिवस आणि आठवा पुनरुत्थानाचा. एका बाजूनं पायऱ्या उतरायच्या, अंधाराच्या दिशेला म्हणजे पश्चिमेला तोंड करून जुन्याला नाही म्हणायचं, आणि पूर्वेच्या पायऱ्यांनी वर यायचं.

"ज्या बाजूनं उतरला त्या बाजूनं वर यायचं नाही, पाटणकर. ही त्यातली मुख्य गोष्ट. नंतर तान्ह्या पोरांचे बाप्तिस्मे सुरू झाले, आणि खलास! कुंडाचं घंगाळ झालं, घंगाळाची वाटी झाली. माझा बाप्तिस्मा वाटीतल्या पाण्यानं झाला. मी झोपलो होतो म्हणे."

हे शेवटचं ते हसत म्हणाले, पण त्यांना ते लागलेलं होतं.

आता कमलवहिनींबद्दल सांगायला हवं. साळव्यांची बायको माळ्याची मुलगी, त्याच गावची, हिंदू. घरच्यांविरुद्ध लग्न केलं. भावांनी नाव टाकलं, आईनं नाही टाकलं. दर संक्रांतीला कुणाच्या ना कुणाच्या हाती आई तिळगूळ पाठवायची. तिनं लेकीकडं एकच मागितलं होतं: "नवरा तुझ्या मनाचा केलास, देव आपला ठेव." वहिनींनी ठेवला. त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर खंडोबाचा टाक आणि अन्नपूर्णा, दिवाणखान्यात क्रूस. साळव्यांनी त्यांना कधी, चुकूनसुद्धा, "तू ख्रिस्ती हो" म्हटलं नाही. याचा त्यांना फार अभिमान होता. शुक्रवारी मराठी उपासना असायची, तिथं वहिनी जायच्या, गाणी म्हणायच्या, सगळ्यांना शेंगदाण्याचे लाडू वाटायच्या आणि घरी येऊन फळीपुढं दिवा लावायच्या.

साळव्यांची रिटायरमेंट जवळ आली. व्हिसा संपणार, राहुरीला जाऊन वहिनींच्या आईजवळ राहायचं ठरलेलं. म्हातारी नव्वदीच्या घरात, भाऊ दोघेही गेलेले, बघायला कुणी नाही. अशात एकदा मी त्यांच्याकडं जेवायला होतो. वहिनी पिठलं वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

साळव्यांचा घास हातात राहिला. "मी कधी म्हटलं का तुला?"

"तुम्ही नाही म्हटलं. मीच म्हणतेय. प्रार्थना तोंडात कधी बसली मला कळलंच नाही. आता दिवा लावते तर दिव्यापुढंही तीच येते. हे खोटंच की एक प्रकारचं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भाऊजी, पण इथंच व्हायला पाहिजे. तिकडं गेल्यावर आईच्या डोळ्यांदेखत मला नाही जमायचं. तिनं एवढंच मागितलेलं. तिला या वयात नाही दुखवायचं मला. इथं होऊन जाऊ दे. तिकडं मी गप राहीन."

साळवे उठले, हात न धुताच बाल्कनीत गेले. बऱ्याच वेळानं आत आले तेव्हा डोळे लाल. आणि पहिलं वाक्य काय असेल? "कुंड बांधतो."

इथून माझ्या डोकेदुखीला सुरुवात झाली.

मराठी मंडळीच्या पाळकांकडं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडं, बाप्तिस्म्यासाठी फायबरची चाकांवरची टाकी होती. निरनिराळ्या भाषांच्या मंडळ्या ती पाळीपाळीनं वापरायच्या. पाळकसाहेब म्हणाले, येत्या शुक्रवारी घेऊन टाकू. साळवे उखडले. "माझी बायको काय आंघोळीला चाललीय? एवढी वर्षं थांबून स्वतःच्या तोंडानं म्हणाली. तिचं नीट झालं पाहिजे. उतरायचं इकडनं, चढायचं तिकडनं." पाळकसाहेबांनी समुद्र सुचवला. झल्लाकला पहाटे गर्दी नसते. "भरती-ओहोटीच्या पाण्यात पायऱ्या कुठं बांधू?" साळवे म्हणाले.

जागा दिली हसनभाई मुकादमांनी. हसनभाई रत्नागिरीकडचे, आमच्याकडं गिलाव्याची आणि टाइल्सची कामं करायचे. बुसैतीनला भाड्याच्या जुन्या बंगल्यात राहायचे. मागच्या अंगणात बागेला पाणी द्यायचा जुना हौद होता, वर्षानुवर्षं कोरडा. "साळवेसाहेब, तो हौद पडूनच हाय. वापरा. मालकाला इचारलंय, तो बोल्ला, मफी मुश्किल, काय हरकत नाय." आणि मग हळूच मला म्हणाले, "भाबीचा काम हाय, लवकर होऊन जाव दे."

हौद चांगला होता. खरं सांगतो, फार चांगला होता. कंबरभर खोल, भिंती भक्कम, उत्तरेला पायऱ्या. नुसता धुऊन भरला असता तर दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा झाला असता. पण पायऱ्या उत्तरेला! साळव्यांनी त्या फोडल्या. पश्चिमेकडं नव्या बांधल्या, पूर्वेकडं नव्या बांधल्या, चारी कोपरे भरून आत अष्टकोन केला. तळाला उतार दिला, पाणी यायला नळी, जायला नळी. दर शुक्रवारी उपासना झाली की डोक्याला रुमाल गुंडाळून बुसैतीनला. मी बघायला गेलो की म्हणायचे, "हा बघा उतार. गोटी सोडा, जिथनं सोडाल तिथनं पाणी जायच्या भोकाशी येते." गोटी सोडून दाखवायचे. यायची बरोबर. मी कपाळावर हात मारायचो.

मग भरलं. खूण केली. पातेलं ठेवलं. आणि कुंड गळलं.

गळणारच! चांगली जुनी एकसंध भिंत फोडून नव्या पायऱ्या चिकटवल्यावर सांध्यातून पाणी जाणार नाही तर काय होणार? हे सगळ्या बहरीनला सांगत फिरणारा माणूस, स्वतःच्या बायकोच्या कुंडात तीच चूक करून बसला. पाळकांना फोन करून पुढं ढकललं. सांधा फोडला, भरला, वाळवला. पुन्हा पाणी, पुन्हा खूण. पूर्वेच्या पायरीपाशी पुन्हा ओल. पुन्हा पाळकांना फोन. वहिनींनी त्या दिवसासाठी पांढरी सुती साडी आणली होती. दर वेळी इस्त्री करायच्या, दर वेळी घडी करून ठेवायच्या.

मी भांडलो. "साळवे, कुंड किती वेळ वापरायचंय? अर्धा तास! अर्ध्या तासात रेघभर पाणी उतरलं तर देव काय परत पाठवणार आहे का वहिनींना?"

"गळकं कुंड म्हणजे कुंड नाही, पाटणकर. तो खड्डा."

"मग खड्ड्यात घ्या!"

ते दुखावले. दोन दिवस समोरच्या दारातून बाहेर पडताना माझ्याकडं बघितलं नाही. मी वहिनींकडं गेलो. म्हटलं, तुम्ही तरी सांगा त्यांना, तुम्ही म्हणालात की ऐकतील. वहिनी भांडी बांधत होत्या, निघायची तयारी. म्हणाल्या, "भाऊजी, एवढ्या वर्षांत या माणसानं माझ्याकडं एकदाही काही मागितलं नाही. आता एक गोष्ट स्वतःच्या हातानं करून देतोय, तर ती मी कशी नको म्हणू? होईल. होईल वेळेवर." त्या नवऱ्याचं मन मोडत नव्हत्या, नवरा बायकोसाठी कसर सोडत नव्हता, आणि दोघांच्या मध्ये कॅलेंडरची पानं गळून पडत होती. असा संताप यायचा म्हणून सांगू! घेणारी तयार, देणारा तयार, पाळक तयार, पाणी तयार, आणि अडलंय कुठं, तर पेन्सिलीच्या रेघेवर.

शेवटचा शुक्रवार आला. मंगळवारचं विमान. हसनभाईंच्या अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. उपासनेची माणसं जमली होती. हसनभाईंच्या बायकोनं बिर्याणीची डेग लावली होती. वहिनी पांढऱ्या साडीत, केस मोकळे, हात एकमेकांत धरून उभ्या. कुंडात निवळ पाणी, तळाचा उतार स्पष्ट दिसत होता. खरंच देखणं दिसत होतं, हे मी कबूल करतो. साळवे पश्चिमेच्या पायरीवर वाकले, खूण बघितली. मग पातेलं बघितलं. मग पुन्हा खूण बघितली.

"आज नाही," साळवे म्हणाले.

"साळवे!" मी ओरडलो. सगळ्यांदेखत ओरडलो. "अहो मंगळवारी विमान आहे! ही शेवटची संधी आहे! तुमच्या रेघेपायी त्या बाईचं आयुष्यभराचं राहून जाईल!"

पाळकसाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "साळवेबंधू, आहे या पाण्यात मला काहीच अडचण नाही. कमलताईंनी सांगावं."

सगळे वहिनींकडं बघायला लागले. त्या नवऱ्याकडं बघत होत्या. साळवे पायरीवर उभे, हातात पेन्सिल, चेहरा गणित चुकलेल्या मुलासारखा. ते एवढंच म्हणाले, "पूर्वेकडनंच गळतंय, कमल. तू जिथनं वर येणार तिथनंच."

वहिनींनी डोळे मिटले, उघडले. "राहू द्या आज," त्या पाळकांना म्हणाल्या. "सोमवारी जमतंय का बघू. ह्यांच्या मनासारखं होऊ द्या." आणि घरात जाऊन साडी बदलून आल्या. आम्ही सगळ्यांनी बिर्याणी खाल्ली.

सोमवारी कसलं जमतंय! साळव्यांनी त्याच शुक्रवारी संध्याकाळी कुंड रिकामं केलं, पूर्वेचा सांधा मुळापर्यंत खणला आणि नव्यानं भरला. तो भराव पाणी घालण्याआधी आठवडाभर पक्का व्हायला हवा, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. निघेपर्यंतचे दिवस ते त्या सांध्याला ओलं गोणपाट लावत बसले, आणि इकडं वहिनींनी एकटीनं सगळं घर बांधलं. मी विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा साळव्यांच्या नखांत सिमेंट होतं. ते हसनभाईंना फोनवर सांगत होते, कधी भरायचं, किती भरायचं. मी त्यांच्याशी धड बोललो नाही. वहिनींना नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही चिडू नका हो त्यांच्यावर." मी चिडलेलाच होतो. अजून आहे.

दोन आठवड्यांनी हसनभाईंचा फोन. "पाटणकरसाहेब, येऊन बघा. पानी हाललाच नाय." मी गेलो. दुपारची वेळ, अंगणात चिटपाखरू नव्हतं. कुंड काठोकाठ. पेन्सिलीची खूण आणि पातेल्यातली खूण, दोन्हीकडं पाणी सारखंच आटलेलं, रेघेचाही फरक नाही. इतका राग आला की तिथल्या तिथं साळव्यांना व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, बघा. घ्या बघून.

राहुरीला अंगणात बाजेवर बसले होते. गळ्यात टॉवेल. एकदम थकल्यासारखे दिसले. "खुणेपाशी न्या," म्हणाले. "अजून जवळ. आता पातेलं. पुन्हा खूण." मी नेला फोन. बराच वेळ बघत राहिले. मग ओठ न हलवता म्हटल्यासारखं म्हणाले, "पास." आणि मागं वळून हाक मारली, "कमल, ये जरा."

वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून फोनमध्ये वाकल्या. कपाळावर मोठं कुंकू. मी फोन फिरवला. पश्चिमेच्या पायऱ्या, तळ, पूर्वेच्या पायऱ्या. पाण्यात वरचं आभाळ दिसत होतं. साळवे आता पाण्याकडं बघतच नव्हते, वहिनींकडं बघत होते, आणि त्या माणसाच्या तोंडावर जे होतं ते मला बघवेना.

"किती निवळ आहे हो," वहिनी म्हणाल्या.

मागून काठीचा आवाज आला, आणि थरथरता म्हातारा आवाज, "कुणाचा गं फोन, कमे?"

"बहरीनच्या भाऊजींचा, आई," वहिनी मोठ्यानं म्हणाल्या. आणि मग साळव्यांच्या हातावर हात ठेवून, हळूच, "बंद करा. आई येतेय."